एक्सच्या पोटात तीन

सर्व नागरिकांना, आणि विशेषतः ज्यांचं गणिताशी वाकडं आहे अशा बहुसंख्य नागरिकांना, जड अंतःकरणाने आणि उभं राहून कळवण्यात येतं की एक्स हा रिकामा नसतो. तो रिकामा असतो असं शाळेत आपल्याला सांगतात, आपण बिचारे विश्वास ठेवतो, आणि मग बत्तिसाव्या वर्षी, उल्हासनगरच्या एका कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर, नव्या साडीत, तो आपल्याला तोंडघशी पाडतो. कृपया कोणी हसू नये. विषय गंभीर आहे.

मार्च लागला की बदलापूरची हवा जरा चावट होते. सकाळी अंगावर शाल आणि दहा वाजता डोक्यावर पदर. आमच्या गॅलरीतून चामटोलीच्या बाजूला दोन पळस दिसतात, ते आधी पानं टाकून अगदी भिकारी होतात आणि मग एका आठवड्यात असे नटतात की शेजारची झाडं खजील व्हावीत. खालच्या आंब्याला मोहोर. आणि वाऱ्याने दिशा बदलली की त्या मोहोराच्या वासात अंबरनाथ एमआयडीसीचा एक आंबूस, डोळ्यांना झोंबणारा वास मिसळतो. सोसायटीतले लोक पटापट खिडक्या लावतात. मी मात्र नाक वर करून दोन श्वास जास्त घेते. तो माझा परीक्षेचा वास आहे. त्या वासात मी बी.एस्सी. झाले.

परवा खालच्या मजल्यावरची सानिका वर आली. बारावी, केस मोकळे, हातात फोन. म्हणाली, "काकू, कुठलंही फंक्शन सांगा. दोन सेकंदात ग्राफ काढून दाखवते."

मी म्हटलं, "एक्सचा घन वजा तीन एक्स."

तिने अंगठ्याने टकटक केलं आणि फोन माझ्यासमोर धरला. खालून वर येणारी रेषा, मग एक छोटा डोंगर, मग एक छोटी दरी, मग पुन्हा वर. सगळं अगदी नाकासमोर, आज्ञाधारक.

"एवढं सोपं काय सांगितलंत? मला वाटलं तुम्ही काहीतरी भारी द्याल."

सोपं! मी खुर्चीत बसले आणि पंखा वाढवला. त्या डोंगरासाठी आणि दरीसाठी मी एकेकाळी घामाने जी भिजले होते, ती हकिगत तिला सांगितली. ती "हो का, हो का" करत निघून गेली, तिचा क्लास होता. म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमचा क्लास नसेल असं धरून चालते.

ती लोडशेडिंगची वर्षं होती. दोन हजारचं दशक अर्धं सरलेलं, आणि महाराष्ट्रात वीज पाहुण्यासारखी यायची. आम्ही तेव्हा मोरिवलीला राहायचो, कारखान्यांच्या अगदी कुशीत. यांची शिफ्ट, माझी नोकरी, पाच वर्षांची मुलगी, आणि सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणायचो. मी एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी विभागात होते. काम चांगलं, हुद्दा मात्र टेम्पररी, आणि तो सहा वर्षं टेम्पररी. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष लग्नाच्या गडबडीत सुटलं होतं. साहेबांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं, "बाई, जागा निघते आहे. निकाल आणा आणि ऑर्डर न्या. नाही आणलात तर बाहेरून माणूस घेतला जाईल, मग मला बोल लावू नका." आणि कॉलेजात चौकशी केली तर क्लार्क म्हणाला की माझी मुदत संपत आली आहे, यंदा सुटले तर सुटले, नाहीतर पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा. म्हणजे दोन्ही दारं एकाच चावीने उघडणार होती, आणि चावी एकदाच फिरवायला मिळणार होती.

लेखी पेपरांची मला भीती नव्हती. संध्याकाळी बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत पोरांच्या रांगेत बसून मी वह्याच्या वह्या भरल्या. तिथली पोरं मला आधी घाबरायची, मग गणितं विचारायला लागली. खरी भीती होती ती नव्याने आलेल्या प्रॅक्टिकलची. माझ्या वेळी गणिताला प्रॅक्टिकल असतं हे कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला थट्टा समजलो असतो. आणि आता कॉम्प्युटरवर गणिताचं सॉफ्टवेअर, त्यात सूत्र टाइप करायचं आणि मशीनकडून आलेख काढून घ्यायचा! तोपर्यंत कॉम्प्युटरशी माझा संबंध एवढाच की कंपनीत त्याच्यावरची धूळ मी पुसायचे.

कॉलेजात मी गेले तेव्हा माझ्या बाकावर कांचन होती. एकोणीस वर्षांची सिंधी मुलगी, उल्हासनगर कॅम्प चारमध्ये तिच्या वडिलांचं जीन्सचं दुकान. पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि उभी राहिली.

"गुड आफ्टरनून, मॅडम."

"अगं, मी मॅडम नाही. विद्यार्थी आहे."

"सच्ची?" ती धपकन बसली. "मग ताई, तुम्ही इतना सीधा बसू नका ना. मला वाटतं अभी हजेरी घेणार."

तिचं मराठी असं होतं, निम्मं दुकानातलं आणि निम्मं शाळेतलं, पण गणित अस्सल. तिनेच मला माऊस धरायला शिकवला. "ताई, उंदीर मरेल, इतना जोर से नको." तिनेच कंस बंद करायला शिकवलं. बदल्यात मी तिला पोळीभाजी द्यायचे आणि ती मला घरचा दालपकवान. या देवाणघेवाणीवर आमची दोघींची पदवी उभी आहे.

लॅब तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली. बारा मशीन, त्यातली दहा जिवंत. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात खाली जाऊन चहा पिऊन यावं. लॅबचे सावंत सर त्या मशीनना आजारी म्हशींसारखं जपत. दर दिवशी एकच बॅच, दुपारी दोनला, कारण बारा ते दोन वीज जायची. दोनला वीज आली की सर एकेक बटण दाबत रांगेतून फिरायचे आणि आम्ही दारात चपला काढून उभे. देवळात जावं तसं आत जायचं. मशीन जागं झालं की सूत्र लिहायचं, ग्राफ काढ म्हणून आज्ञा द्यायची, आणि पडद्यावर आधी नुसते अक्ष उमटायचे आणि मग त्यावर ती वळणदार रेषा. पहिल्यांदा माझा पॅराबोला आला तेव्हा मी इतकी खूश झाले की सरांना म्हटलं, "सर, याची एक प्रिंट द्या, घरी दाखवते." आईंनी तो कागद चष्मा लावून पाहिला. "हे काय, वाटी का?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चांगली गोल काढलीयस," आणि कपाटाच्या दारावर चिकटवून टाकला.

वर्षभर माझा एकही आलेख चुकला नाही. कोणाचाच नाही. हे लक्षात ठेवा.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मात्र कॉलेजने थाट केला. बाहेरून परीक्षक येणार होते. तीन बॅच एकाच दिवसात उरकायच्या होत्या, नऊची, अकराची आणि दोनची. अधेमधे वीज जाऊन शोभा नको म्हणून मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. खिडकीखाली तो इतक्या उत्साहात धडधडत होता की आता वरात निघणार असं वाटावं. आणि वेळ वाचावा म्हणून सावंत सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: संगणक कोणीही बंद करू नये. जसं आहे तसं सोडून उठावे.

आमची बॅच दोनची. मी आणि कांचन एक वाजताच पोचलो आणि जिन्यात अकराची बॅच भेटली. एक मुलगी पायरीवर बसून ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"रेघ आली," ती म्हणाली.

"कसली रेघ?"

"आडवी. ग्राफच आला नाही. सगळ्यांची आडवी रेघ."

"सबकी?" कांचन म्हणाली. "एक-दोघांची समझ में आता है. सबकी कैसे येईल?"

"बाहेरचे सर म्हणाले, नवाची बॅच हुशार होती, तुम्ही नुसती हजेरी लावलीत. म्हणाले, तुम्हाला कॉम्प्युटर कशाला, फूटपट्टी द्यायला हवी होती." आणि तिने ओढणी तोंडाला लावली. बाकीची काही पोरं खाली कॅन्टीनच्या कट्ट्यावर बसून होती. काही रागारागाने घरी निघालेली.

त्या मुलीला निदान पुढचं वर्ष होतं.

दोन वाजता आत गेलो. परीक्षक उंच, सडपातळ, खिशाला लाल पेन, चेहऱ्यावर सकाळपासून जमलेला कंटाळा. पहिला प्रश्न सगळ्यांना तोच: एक्सचा घन वजा तीन एक्स, वजा दोनपासून दोनपर्यंत आलेख काढा. दुसऱ्या प्रश्नात त्याच फंक्शनची एका आकड्याला किंमत काढायची, तो आकडा मात्र प्रत्येकाच्या चिठ्ठीवर वेगळा. मी सूत्र लिहिलं. कंस मोजले. आज्ञा दिली. मशीनने विचार केला आणि पडद्यावर रेघ उमटली.

आडवी. सरळ. वाळत घालायच्या दोरीसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा दोरी. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा माझी बोटं कीबोर्डवर ओली उमटत होती.

"ताई," कांचन ओठ न हलवता म्हणाली, "मेरी भी सीधी. एक सौ दस पे."

"कोण बोलतंय तिकडे?" सावंत सर ओरडले.

परीक्षक रांगेच्या दुसऱ्या टोकापासून यायला लागले होते. प्रत्येक मशीनपाशी वाकायचे, बघायचे आणि कागदावर लाल पेन टेकवायचे. "रेघ," ते म्हणाले. पुढचं मशीन. "इथेही रेघ. वा." माझ्यात आणि त्यांच्यात सहा मशीन उरली होती. माझ्या डोळ्यांसमोर साहेबांची केबिन, कपाटाच्या दारावरची वाटी, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात पुन्हा बसलेली मी, या वेळी पस्तिशीच्या उंबरठ्यावर, असं सगळं एकदम गर्दी करून आलं. मग मनात म्हटलं, अगं बाई, रड नंतर. आधी रेघ तरी बघ.

रेघ अठरावर होती.

अठरा? मी मनातल्या मनात सूत्र फिरवलं. वजा दोन ते दोन यांच्यामध्ये हे फंक्शन दोनच्या वर जातच नाही. वर्षभर वह्या भरल्या त्याचा एवढा तरी उपयोग. मग अठरा कुठून? अठरा केव्हा येतील? तीनचा घन सत्तावीस, वजा नऊ, अठरा. म्हणजे एक्स तीन असेल तर. पण मी तीन कुठे म्हटलं? माझ्या चिठ्ठीवर तीन नव्हताच.

"रेघ," परीक्षक म्हणाले. चार मशीन.

तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. कांचनच्या वडिलांच्या दुकानात एकदा जीन्स घ्यायला गेले होते, तिथे ट्रायल रूमचं दार बंद दिसलं की नोकर आधी टकटक करायचा, आत कोणी आहे का म्हणून. मी तसंच केलं. पडद्यावर नुसता एक्स लिहिला, बाकी काही नाही, आणि एंटर दाबलं. टकटक.

आतून आवाज आला: तीन.

आत माणूस होता! माझ्या आधीच कोणीतरी एक्समध्ये तीन बसवून गेलं होतं, आणि मी बाहेर उभी राहून त्या खोलीत माझे कपडे बदलायला बघत होते. मशीन बिचारं प्रामाणिक. मी म्हणते, एफ ऑफ एक्सचा ग्राफ काढ. ते आधी एफ ऑफ एक्स म्हणजे काय ते पाहतं. एक्स रिकामा असेल तर सूत्र सूत्रच राहतं, आणि मग त्यात एकेक आकडा घालून मशीन ठिपके जोडत जातं. पण एक्समध्ये आधीच तीन बसलाय म्हटल्यावर हिशोब तिथल्या तिथे संपला, अठरा. मग ग्राफ कसला काढायचा? अठराचा. आणि अठरा काय वळणं घेणार, ते आपले आडवे पडून राहिले.

"ही पण रेघ," परीक्षक म्हणाले. दोन मशीन.

एक्सला रिकामं करण्याची एक आज्ञा असते, हे मला माहीत होतं. ती आमच्या जर्नलच्या पहिल्या पानावर होती. पण ती ओळ आम्ही सगळ्यांनी पुस्तकातल्या प्रतिज्ञेसारखी वळणदार अक्षरात उतरवली होती आणि एकदाही वापरली नव्हती. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. मग माझ्यातली मोरिवलीची बाई जागी झाली. एक खोली भरलेली असेल तर भांडत कशाला बसायचं? शेजारच्या खोलीत जावं. मी एक्स पुसला आणि जिथे जिथे एक्स होता तिथे टी लिहिला. टीचा घन वजा तीन टी, टी वजा दोनपासून दोनपर्यंत. एंटर.

आधी अक्ष उमटले. मग खालून एक रेषा वर आली, डोंगर चढली, दरीत उतरली, आणि पुन्हा वर गेली. इतकं सुंदर वळण मी त्याआधी फक्त माळशेजच्या घाटात पाहिलं होतं.

परीक्षक माझ्यामागे येऊन थांबले. लाल पेन हवेतच राहिलं.

"आला," ते म्हणाले. मग चष्मा पुढे ओढला. "पण प्रश्नात एक्स आहे. तुमच्याकडे हा टी कुठून आला?"

"सर, एक्स बिझी आहे."

"काय आहे?"

"त्याच्या पोटात तीन आहे, सर. मी घातला नाही. मी आले तेव्हा होताच. नाव काहीही दिलं तरी चालतं ना, सर? आतून रिकामा असला म्हणजे झालं."

कांचनच्या खुर्चीतून खुसखुस ऐकू आली. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेन खिशाला लावलं, वाकले, आणि स्वतःच्या बोटाने एक्स लिहून एंटर दाबलं. तीन. तिथून ते कांचनच्या मशीनपाशी गेले. टकटक. पाच. त्याच्या पुढच्या मशीनवर चार. ते मागे वळले आणि ज्यांना आधी रेघ, रेघ म्हणत आले होते त्या मशीनवरही लिहून बघायला लागले.

इथे जरा थांबते, कारण यानंतर जे वाक्य उच्चारलं गेलं त्याच्यापुढे मला एक शब्दही लिहायचा नाही. तेव्हा उरलंसुरलं आधीच उरकते. मी पास झाले. ऑर्डर मिळाली, आणि साहेबांनी ती देताना चक्क उभं राहून दिली. तीन कोणाचे, पाच कोणाचे, याचा उलगडा सावंत सरांनी केला. नवाच्या बॅचने, आणि मग अकराच्या बॅचनेही, दुसऱ्या प्रश्नासाठी आपापल्या चिठ्ठीवरचा आकडा एक्समध्ये भरला होता आणि फळ्यावरच्या हुकुमाप्रमाणे मशीन जसं आहे तसं सोडून उठले होते. वर्षभर हे का झालं नाही? कारण वर्षभर रोज बारा वाजता वीज जायची! मशीन झोपायची, एक्स, वाय, झेड सगळे आपापलं ओझं विसरायचे, आणि दोनला कोरे होऊन उठायचे. ज्या लोडशेडिंगला आम्ही उठताबसता शिव्या घालत होतो तेच रोज गुपचूप येऊन आमच्या मागे झाडलोट करत होतं. आणि परीक्षेच्या दिवशी आम्ही हौसेने जनरेटर लावून त्याला घरी पाठवलं. सावंत सर तेव्हा डोक्याला हात लावून म्हणाले होते, "एवढं डिझेल जाळलं, ते पोरांना नापास करायला!"

त्यानंतर मला माणसांच्या बाबतीतही टकटक करायची सवय लागली. समोरचा एकच एक आडवी रेघ ओढत बसला असेल, काही विचारलं तरी तेच उत्तर देत असेल, तर मी आता लगेच त्याला ढ ठरवत नाही. सकाळच्या बॅचचं काहीतरी त्याच्या आत राहिलेलं असतं. मीसुद्धा सहा वर्षं टेम्पररी हा आकडा पोटात घेऊनच कंपनीत फिरत होते, कोणी काहीही विचारो, माझी रेघ तिथेच. असो, फार शहाणपण नको. सानिका ऐकेल तर हसेल.

तर ती दुपार. बाहेर जनरेटर धडधडतोय, पत्रा तापलाय, माझ्या पडद्यावर माझा डोंगर आणि माझी दरी. परीक्षक रांगेच्या शेवटच्या मशीनपाशी सरळ झाले. त्यांच्या हातात अकराच्या बॅचचा गुणांचा कागद होता. सकाळपासूनचा कंटाळा चेहऱ्यावरून साफ पुसला गेलेला. परीक्षा चालू आहे, हॉलमध्ये शांतता पाळायची असते, हे सगळं विसरून तो उंच माणूस एवढ्या मोठ्याने ओरडला की खालच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांनी माना वर केल्या:

"अहो सावंत, धावा! अकराची पोरं बरोबर होती हो, कोणाला घरी जाऊ देऊ नका!"